गुलमोहराचं माहेर: मादागास्कर समजून घेताना

कुंडीतली सदाफुली, कुंपणाशी वाढलेली पानफुटी आणि एप्रिल-मेच्या उन्हात पेटलेला गुलमोहर. यांपैकी एकही झाड आपल्याला परकं वाटत नाही. साताऱ्यात तर १ मे हा गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो. पण ही तिन्ही झाडं मूळची इथली नाहीत. तिघांचं माहेर एकच आहे, हिंदी महासागराच्या पार पलीकडे, आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यासमोर पसरलेलं मादागास्कर. शाळेच्या नकाशात आफ्रिकेच्या उजवीकडे एक लांबट ठिपका दिसायचा. त्या ठिपक्याबद्दल आपल्याला 'तिथे लेमूर (माकडांचे दूरचे नातलग) असतात' यापलीकडे फारसं कुणी सांगितलेलं नसतं.

आधी आकार डोळ्यांसमोर आणू. ग्रीनलंड, न्यू गिनी आणि बोर्निओनंतर जगातलं हे चौथं मोठं बेट. क्षेत्रफळ सुमारे ५ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १,५८० किलोमीटर. लोकसंख्या मात्र तीन कोटींच्या आसपास, आपल्या राज्याच्या पावपटीइतकी. आफ्रिकेची मुख्य भूमी मोझांबिकच्या सामुद्रधुनीपलीकडे जेमतेम ४०० किलोमीटरवर आहे. हे जवळपण फसवं आहे. या बेटाची माणसं, भाषा, भात आणि प्राणी यांतलं बरंच काही या शेजाराच्या हिशेबात बसत नाही, आणि त्याचं कारण शोधायला फार मागे जावं लागतं.

भारताचा जुना शेजारी

कोट्यवधी वर्षांपूर्वी आफ्रिका, भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका हा सगळा एकच भूखंड होता, गोंडवन. सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आफ्रिकेपासून सुटू लागलं, पण एकटं नाही, भारताला बिलगून. पुढे जवळजवळ आठ कोटी वर्षं आपला पश्चिम किनारा आणि त्याचा पूर्व किनारा एकमेकांना चिकटून होते. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी जमिनीखालून लाव्हा उसळला, भेग पडली आणि भारत वेगळा होऊन उत्तरेकडे निघाला. कर्नाटकात उडुपीजवळ मलपेच्या समुद्रात सेंट मेरीज नावाची छोटी बेटं आहेत. तिथले दगडी खांब पाहायला पर्यटक जातात. ते खांब याच ताटातुटीच्या वेळच्या ज्वालामुखीचे आहेत. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ त्यानंतर सव्वादोन कोटी वर्षांनी आला.

भारत पुढे आशियाला जाऊन धडकला आणि हिमालय उभा राहिला. मादागास्कर मात्र समुद्रात एकटं राहिलं, ते आजतागायत. तिथल्या बऱ्याच गोष्टी या एकटेपणातून निघाल्या आहेत.

आरशातला सह्याद्री

या बेटाचं हवामान मराठी माणसाला समजावणं सोपं आहे. आपला सह्याद्री डोळ्यांसमोर आणा आणि तो आरशात पाहा. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो, कोकणात कोसळतो, घाट चढताना रिता होतो आणि माण-खटावला पोहोचेपर्यंत संपतो. तिथे आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे हिंदी महासागरावरून बाष्प आणतात आणि पूर्वेच्या उभ्या कड्याला धडकतात. त्यामुळे पूर्व किनारा हिरवागार आणि चिंब आहे. तोआमासिना बंदराच्या परिसरात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मधल्या पठारावर हवा थंड आहे. राजधानी अंटानानारिवो सुमारे १,२८० मीटर उंचीवर आहे, म्हणजे पाचगणीच्याच उंचीला. नैऋत्येच्या तोलिआरापर्यंत जाता जाता पावसाचा आकडा ४०० मिलिमीटरच्या आसपास येतो आणि जंगलाच्या जागी काटेरी, पाणी साठवणाऱ्या झाडांचं रान सुरू होतं.

गोलार्ध दक्षिणेचा असल्याने ऋतूही उलटे. आपली दिवाळी संपली की तिथे पावसाळा आणि पाठोपाठ चक्रीवादळं सुरू होतात. आपल्या आषाढात तिथे थंडी असते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

माती लाल आहे, आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या कुळातली. पठारावरच्या टेकड्यांच्या कुशीत पावसाने फाटलेल्या प्रचंड घळी दिसतात. त्यांना तिथे 'लावाका' म्हणतात, साधा अर्थ 'भोक'. त्या घळींतली माती वाहून बेत्सिबोका नदी विटेच्या रंगाची होते आणि तिच्या मुखाशी समुद्रात पसरलेली लाली अंतराळातूनही दिसते. पश्चिमेला बेमाराहात चुनखडीचे सुऱ्यासारखे धारदार सुळके मैलोन्‌मैल उभे आहेत, 'त्सिंगी' या नावाने. मोरोंदावाजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाओबाब उभे आहेत. हा बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. आपल्याकडे तिची जी जात दिसते ती आफ्रिकेतली. जगात या झाडाच्या एकूण आठ जाती मानतात, त्यांपैकी सहा फक्त मादागास्करमध्ये आहेत.

जे आलं ते वेगळंच झालं

एकटेपणाचा सर्वात मोठा परिणाम सजीवांवर झाला. बेटावर वाघ-सिंह नाहीत, हत्ती नाहीत, हरणं नाहीत, मूळचं एकही माकड नाही. कारण या प्राण्यांच्या शाखा उमलल्या तेव्हा वाट बंद झाली होती. मग लेमूर कुठून आले? आज सर्वाधिक पटणारं उत्तर असं: पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या नद्यांच्या पुरात उन्मळलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवर बसून त्यांचे पूर्वज वाहत आले. त्या काळी समुद्राचे प्रवाह पूर्वेकडे वाहत असावेत, असं संगणकावर केलेल्या अभ्यासातून दिसतं. नंतर प्रवाह फिरले आणि मागून कुणी येऊ शकलं नाही.

मोकळं घर मिळालं की कुटुंब कसं पसरतं ते लेमूरमध्ये पाहावं. आज त्यांच्या शंभराहून जास्त जाती आहेत. तळहातावर मावेल असा उंदीर-लेमूर आहे. कोरडे महिने शेपटीत साठवलेल्या चरबीवर झोपून काढणारा आहे. काडीसारखं लांब बोट लाकडात घालून अळ्या टिपणारा आय-आय आहे, म्हणजे सुतारपक्ष्याचं काम करणारा सस्तन प्राणी. आणि इंद्री आहे, ज्याची कुटुंबं सकाळी जंगलात लांबलचक सुरात एकमेकांना साद घालतात. जगातल्या सरड्यांपैकी रंग बदलणाऱ्या शॅमेलिऑनच्या जवळपास निम्म्या जाती याच बेटावर आहेत.

तीन मीटर उंचीचा, न उडणारा हत्तीपक्षीही इथे होता. त्याच्या एका अंड्यात कोंबडीची दीडशेच्या आसपास अंडी मावली असती. तो सुमारे हजार वर्षांपूर्वी संपला, आणि गोरिलाएवढे थोरले लेमूरही साधारण त्याच काळाच्या आगेमागे संपले. माणूस तोपर्यंत पोहोचला होता.

सात हजार किलोमीटरवरून आलेली भाषा

आणि माणूस आला तो कुठून? माझ्या दृष्टीने या बेटाची सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच आहे. समोर ४०० किलोमीटरवर आफ्रिका असताना मादागास्करची भाषा मात्र इंडोनेशियाच्या कुळातली आहे. मालागासी भाषेची सर्वात जवळची बहीण म्हणजे बोर्निओच्या दक्षिणेला बारितो नदीच्या खोऱ्यात बोलली जाणारी मान्यान. नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ ओट्टो ख्रिस्तियन दाल यांनी १९५१ मध्ये हे नातं नीट मांडलं. म्हणजे पहिल्या सहस्रकात केव्हातरी तिथले लोक होड्यांमधून सुमारे सात हजार किलोमीटर समुद्र ओलांडून आले आणि सोबत भात, घराची ठेवण, बांबूचं तंतुवाद्य घेऊन आले. तेच वाद्य आज 'वालिहा' म्हणून त्या देशाची ओळख आहे. जनुकांच्या २०१२ मधल्या एका अभ्यासाने काढलेला अंदाज अंगावर काटा आणतो: या वसाहतीच्या मुळाशी इंडोनेशियाकडच्या अवघ्या तीसेक स्त्रिया असाव्यात.

त्यानंतर आफ्रिकेतून लोक आले आणि दोन्ही वंश असे मिसळले की आज बहुतेक मालागासी माणसांच्या रक्तात दोन्हींचा वाटा आहे. भाषेतही हा प्रवास साठून राहिला आहे. गाईगुरांना 'उम्बी' आणि कोंबडीला 'अकुहु' म्हणतात, हे शब्द पूर्व आफ्रिकेचे. वारांची नावं अरबांकडून आली: शुक्रवार 'झुमा', शनिवार 'सबूत्सि'. आणि काही शब्द आपल्या ओळखीचे निघतात! उरलेल्याला ते 'सिसा' म्हणतात, तो मलायमार्गे गेलेला संस्कृत 'शेष'. एक लाखाला 'हेत्सि' म्हणतात, त्याचं मूळ 'कोटी'. समुद्र ओलांडताना दोन शून्यं गळाली खरी. हिवाळ्याला तिथे 'असुत्री' म्हणतात, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ 'आषाढ' असं लावतात. आषाढात तिथे थंडी असते, हे वर सांगितलंच होतं.

तिथली गुरं वशिंडाची आहेत. त्या गोवंशाचं मूळ भारतीय उपखंडात, आफ्रिकेमार्गे तो तिथे पोहोचला. लग्नात, अंत्यविधीत, नवसात ही गुरं लागतातच. दक्षिणेकडे माणसाची ऐपत अजूनही गुरांच्या संख्येवर मोजतात.

जेवण म्हणजे भात. 'जेवलास का' या अर्थी ते 'भात खाल्लास का' असंच विचारतात, आणि भातासोबत जे काही असेल, मग भाजी असो की मांस, त्या सगळ्याला मिळून एकच शब्द: 'लाउका', तोंडी लावणं. भात काढून झाल्यावर पातेल्याच्या बुडाशी जी करपलेली खरवड राहते, तिच्यात पाणी घालून उकळतात आणि ते खमंग, तपकिरी पाणी जेवणासोबत पितात. त्याचं नाव 'रानुवुला', म्हणजे रुप्याचं पाणी. खरवडीला इतकं सुंदर नाव देणाऱ्या लोकांबद्दल मला फार आपुलकी वाटते.

समुद्र हा शेताचा बांध

पोर्तुगीज खलाशी दियोगु दियश भारताकडे निघालेल्या काब्रालच्या ताफ्यातून वादळात भरकटला आणि १० ऑगस्ट १५०० रोजी या बेटापाशी पोहोचला. तो संत लॉरेन्सचा दिवस, म्हणून पोर्तुगिजांनी बेटाला सांव लोरेन्सु म्हटलं. पण टिकलं ते मार्को पोलोच्या प्रवासवर्णनातलं नाव, आणि तेही बहुधा आफ्रिकेतल्या मोगादिशूशी गल्लत होऊन पडलेलं. फ्रेंचांनी १६४३ मध्ये दक्षिण टोकाला किल्ला बांधला आणि तीसेक वर्षांत सोडला. मग मादागास्करच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या सेंट मेरी बेटावर (मलपेजवळची ती बेटं वेगळी) समुद्री चाच्यांनी तळ ठोकला. सुरतेच्या व्यापाराला हा तळ चांगलाच जाचला. बंगालहून सुरतेकडे निघालेलं 'केदा मर्चंट' हे मालाने भरलेलं जहाज कॅप्टन किडने १६९८ मध्ये मलबार किनाऱ्याजवळ पकडलं आणि ते याच बेटावर नेलं.

बेटाच्या आत पश्चिमेला साकालावा आणि पूर्वेला बेत्सिमिसाराका अशी राज्यं उभी राहत होती. 'बेत्सिमिसाराका' म्हणजे 'न फुटणारे पुष्कळ जण'. देश एक करण्याचं काम मात्र मधल्या पठारावरच्या मेरिना राजांनी केलं. अठराव्या शतकाच्या शेवटी आंद्रियानाम्पोइनिमेरिना याने दलदली उपसून भातखाचरं केली, बांध घातले, बाजारांचे वार ठरवले. त्याचं एक वाक्य तिथल्या मुलांना पाठ असतं: 'समुद्र हाच माझ्या भातशेताचा बांध.' सबंध बेटावर राज्य करायचं, हे सांगायला त्याने शेतकऱ्याची भाषा वापरली.

त्याचा मुलगा पहिला रादामा याने १८१७ मध्ये इंग्रजांशी तह केला. गुलामांची निर्यात थांबवायची, बदल्यात बंदुका आणि मान्यता घ्यायची. मिशनरी आले, शाळा निघाल्या आणि १८२३ मध्ये मालागासीसाठी रोमन लिपी ठरली. त्याच्यानंतर त्याची राणी पहिली रानावालोना हिने ३३ वर्षं राज्य केलं. युरोपीय लेखकांनी तिला केवळ वेडी, क्रूर ठरवलं. ख्रिस्ती प्रजेचा तिने अतोनात छळ केला आणि सक्तीच्या कामात असंख्य माणसं मेली, हे खरंच आहे. पण तिच्या हयातीत एकाही युरोपीय सत्तेला बेट घेता आलं नाही, हेही खरं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय तिचं चित्र पुरं होत नाही.

पुढे पंतप्रधान राइनिलाइआरिवोनी याने एकामागून एक तीन राण्यांशी लग्न करून कारभार चालवला. पण १८९० मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सने आपसात सौदा केला, झांझिबार तुम्ही घ्या, मादागास्कर आम्हाला. १८९५ मध्ये फ्रेंच फौज उतरली. 'जंगल आणि ताप हे माझे दोन सेनापती' असं रादामा म्हणायचा, असं सांगतात. ते अक्षरशः खरं ठरलं: लढाईत पंचवीसच्या आसपास फ्रेंच मेले, पण आजारांनी, मुख्यतः हिवतापाने, हजारो. तरी सप्टेंबरअखेर राजधानी पडली. १८९७ मध्ये शेवटची राणी तिसरी रानावालोना हिला हद्दपार केलं. ती परत मायदेशी येऊ शकली नाही, १९१७ मध्ये अल्जियर्समध्ये वारली.

२९ मार्च १९४७ ला पूर्व भागात उठाव झाला. फ्रेंचांनी तो इतक्या निर्दयपणे मोडला की मृतांचे आकडे अकरा हजारांपासून नव्वद हजारांपर्यंत दिले जातात. भारताला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी हे घडत होतं, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात त्याची ओळही नाही. स्वातंत्र्य २६ जून १९६० ला मिळालं. नंतरचं राजकारण रस्त्यावरच्या लोकांनी पुन्हा पुन्हा बदललं: १९७२, १९९१, २००२, २००९. अगदी अलीकडे, सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये, पाणी आणि वीज मिळत नाही म्हणून तरुण मुलं-मुली रस्त्यावर उतरली आणि त्याचा शेवट सैन्याने सत्ता घेण्यात झाला.

पूर्वज पुढे चालतात

मराठीत आपण 'मागे एकदा' म्हणतो तेव्हा भूतकाळ पाठीशी असतो आणि 'पुढे बघू' म्हणतो तेव्हा भविष्य समोर. मालागासीत उलट आहे. होऊन गेलेलं समोर असतं, कारण ते दिसतं. येणारं पाठीमागे असतं, कारण ते कुणी पाहिलेलं नाही. पूर्वजांबद्दलची त्यांची वागणूक यातून बरीच समजते.

मधल्या पठारावर मेरिना आणि बेत्सिलेओ लोकांत 'फामादिहाना' हा विधी आहे. काही वर्षांनी एकदा, हिवाळ्यात, घराण्याची थडगी उघडतात. पूर्वजांचे अवशेष बाहेर काढून नव्या रेशमी वस्त्रात गुंडाळतात, खांद्यावर घेऊन वाजतगाजत नाचतात, त्यांना घरातल्या बातम्या सांगतात. बाहेरचे लोक हे वाचून दचकतात. पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणाऱ्या आपल्याला खरं तर दचकायचं कारण नाही. गेलेल्या माणसाची खबरबात घेणं, त्याला जेवू घालणं, नवं वस्त्र देणं, भावना तीच. फरक इतकाच की तिथे शोक आधीच संपलेला असतो आणि हा आनंदाचा सोहळा असतो. खर्च मोठा असतो, त्यामुळे कुटुंबं वर्षानुवर्षं पैसे साठवतात.

पूर्वजांनी घालून दिलेल्या निषेधांना 'फादी' म्हणतात. गावागावाची, घराण्याघराण्याची फादी वेगळी. पूर्वेकडे इंद्रीला 'बाबाकुतु' म्हणतात, त्याला पूर्वजांपैकी मानतात आणि त्याला मारणं फादी. या श्रद्धेने इंद्रीला कायद्याइतकंच जपलं आहे. बिचाऱ्या आय-आयच्या नशिबी उलटं आलं. आपल्याकडे टिटवीचं ओरडणं अशुभ धरतात, तसं काही भागांत त्याचं दिसणंच अशुभ, म्हणून दिसला की मारतात.

व्हॅनिला, भूक आणि जंगल

आइस्क्रीममधली खरी व्हॅनिला बहुतेक वेळा इथलीच असते, ईशान्येच्या साम्बावा-अंतालाहा भागातली. ही वेल मेक्सिकोतली. तिथली परागण करणारी मधमाशी इकडे नाही, म्हणून दीर्घकाळ शेंगाच धरत नव्हत्या. १८४१ मध्ये शेजारच्या रेयुनियाँ बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडी आणि अंगठा वापरून फुलाचं परागण करून दाखवलं. आजही प्रत्येक फूल असंच हाताने फळवावं लागतं, आणि फूल उमलतं एका सकाळपुरतंच. शेंग पिकायला नऊ महिने, मग गरम पाण्यात थोडा वेळ बुडवणं, घोंगड्यात घाम काढणं, ऊन देणं, महिनोन्‌महिने सुकवणं. भाव चढला की शेतातून चोऱ्या होतात, शेतकरी रात्रभर राखण करतात. पडला की केलेले कष्ट मातीमोल.

इतकं पिकवणाऱ्या या देशात दर चारांपैकी सुमारे तीन माणसं गरिबीत आहेत. जंगलाचा प्रश्न इथूनच समजून घ्यावा लागतो. पूर्वेच्या उतारांवर 'तावी' चालते: रान तोडायचं, जाळायचं, राखेत डोंगरी भात पेरायचा, दोन-तीन वर्षांनी पुढे सरकायचं. कोकण-सह्याद्रीतली जुनी कुमरी शेती अशीच होती. मोकळी जमीन भरपूर होती तोवर रान पुन्हा उभं राहायचं. आता माणसं वाढली, फेरा लवकर येतो आणि रानाला उसंत मिळत नाही. स्वयंपाकाचा कोळसाही याच झाडांचा. १९५३ ते २०१४ या काळात बेटाने आपल्या नैसर्गिक जंगलापैकी सुमारे ४४ टक्के गमावलं. लेमूरच्या जवळपास सगळ्या जाती आज धोक्याच्या यादीत आहेत.

इथे एक जुनी समजूत दुरुस्त करायला हवी. सबंध बेट एकेकाळी घनदाट जंगल होतं आणि लोकांनी ते जाळून माळ केला, असं वसाहतकाळापासून सांगितलं गेलं. नव्या अभ्यासानुसार पठारावरचे बरेच गवताळ माळ माणसाच्या आधीपासूनचे आहेत. आपल्या माळरानांनाही सरकारी कागदांत 'पडीक' म्हणून टाकलं गेलं, त्यामुळे हे मला लगेच पटलं. लोकांवर सगळा दोष ढकलून त्यांना जंगलातून हाकलणं सोपं असतं. पेजेपुरता भात मिळाला तर तोच माणूस रान राखतो, हे फादीने शेकडो वर्षं दाखवलेलं आहे.

आता सदाफुलीकडे परत येतो. १९५०च्या दशकात मधुमेहावरचं औषध शोधताना कॅनडातल्या संशोधकांना तिच्या पानांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी करणारं द्रव्य सापडलं. त्यातून आणि त्याच काळातल्या इतर संशोधनातून व्हिन्ब्लास्टीन आणि व्हिन्क्रिस्टीन ही औषधं आली. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली मुलं, ज्यांच्यासाठी पूर्वी फारसं काही करता येत नसे, ती यामुळे जगू लागली. मुंबईतल्या रुग्णालयांतही व्हिन्क्रिस्टीन सलाइनमधून दिलं जातं. सदाफुली फार आधीच बेट सोडून जगभरच्या अंगणांत पोहोचली होती, म्हणून ती संशोधकांच्या हाती लागली. मादागास्करमधल्या दहापैकी आठांहून जास्त वनस्पती मात्र त्या बेटाबाहेर कुठेच उगवत नाहीत.